बोरगड, अंजनेरी, रामशेज: नाशिकचे डोंगर राखणारी माणसं

पेठरोडकर

नमस्कार मंडळी.

फेब्रुवारी उजाडला की पेठ रोडच्या दोन्ही अंगांचं गवत वाळून पिवळं होतं आणि माझ्या पोटात गोळा येतो. वणव्याचा हंगाम सुरू झालेला असतो. वन विभागाच्या हिशेबाने तो १५ फेब्रुवारी ते १५ जून. हे चार महिने डोंगर सांभाळणाऱ्यांत वनरक्षक आणि वनमजूर तर असतातच, पण त्यांच्या बरोबरीने अंबडच्या कारखान्यात पाळी करणारे, दुकानदार, कॉलेजची पोरं, निवृत्त मास्तर असे कितीतरी जण वर्षानुवर्षं पदरमोड करून येतात. त्यांच्या कामाचा इतिहास एका जागी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. जुलैतल्या वृक्षारोपणाचे फोटो पेपरात येतात. एप्रिलमध्ये कॅन खांद्यावर घेऊन त्याच रोपांना पाणी घालायला चढणाऱ्यांची बातमी होत नाही. म्हणून हा धागा. ज्याला जे ठाऊक असेल त्याने ते लिहावं.

मी बोरगडापासून सुरुवात करतो.

रामशेज किल्ल्याच्या शेजारचा हा डोंगर. माथ्यावर हवाई दलाचं ठाणं आहे, त्यामुळे वर जायला बंदी आणि ट्रेकवाल्यांच्या यादीत नाव नाही. उतारावर मात्र चराई, कुऱ्हाड आणि वणवा तिन्ही चालायचं. नेचर कॉन्झर्व्हेशन सोसायटी ऑफ नाशिकच्या कार्यकर्त्यांनी पायथ्याच्या तुंगलदरा गावाला सोबत घेऊन इथे काम उभं केलं आणि २००८ मध्ये बोरगड ‘संवर्धन राखीव’ म्हणून जाहीर झाला. क्षेत्र जेमतेम ३.४९ चौरस किलोमीटर. पण महाराष्ट्रातलं हे पहिलं संवर्धन राखीव, आणि ते नाशिकच्या वेशीवर आहे याचा मला फार अभिमान वाटतो.

हा दर्जा म्हणजे काय ते थोडं सांगायलाच हवं, कारण सगळा खेळ त्यावर आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३६-अ आलं. त्याआधी एखादा डोंगर वाचवायचा तर अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान हेच मार्ग होते, आणि ‘अभयारण्य’ हा शब्द काढला की गावाला धडकी भरायची. गुरं कुठे न्यायची, सरपण कुठून आणायचं? संवर्धन राखीव सरकारी जमिनीवरच होतं, आणि तेही स्थानिक लोकांशी चर्चा केल्यावर. त्याच्या व्यवस्थापन समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो आणि वन्यजीवांसाठी झटणाऱ्या संस्थांचे तीन. स्वयंसेवकाला कायद्याने खुर्ची मिळाली आणि तिच्या शेजारची खुर्ची गावाला मिळाली. बोरगड टिकला त्यामागे मला हे मोठं कारण दिसतं. नुसत्या शहरातल्या उत्साहावर एकही डोंगर टिकत नाही, हे माझं ठाम मत आहे आणि त्यावर वाद घालायची माझी तयारी आहे.

रानजाई

फार गरजेचा विषय काढलात पेठरोडकर. मी अंजनेरीबद्दल लिहिते.

अंजनेरीला २०१७ मध्ये संवर्धन राखीवचा दर्जा मिळाला, क्षेत्र साधारण ५.६९ चौरस किलोमीटर. तो मिळण्यामागे दोन जीव आहेत. एक कड्यांमधली लांब चोचीची गिधाडं. दुसरं बोटभर उंचीचं फूल, सेरोपेजिया अंजनेरिका. आपण कंदीलपुष्प म्हणतो त्या कुळातलं. त्याचं शास्त्रीय वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि नावातच अंजनेरी आहे.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: पावसाळ्यात पठारावरच्या गवतात गुडघे टेकून बसावं लागतं, उभ्याने ते दिसत नाही. खाली फुगीर, वर निमुळती होत गेलेली नळी आणि तिच्या टोकाला पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेला पिंजरा. बारीक माशी वासाने आत शिरते, नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळे तिला परत वर येता येत नाही. फूल कोमेजायला लागलं की केस सैल पडतात आणि ती परागकण घेऊन सुटते. पाऊस सरला की वरचं सगळं वाळून जातं आणि जमिनीत कंद तेवढा उरतो. जानेवारीत तिथे गेलात तर तुम्हाला ओसाड माळ दिसेल.

आणि इथेच स्वयंसेवकांच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा बदल घडला आहे. पूर्वी ‘ओसाड दिसतंय ना, मग झाडं लावा’ एवढाच विचार असायचा. सामाजिक वनीकरणाच्या काळापासून गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ अशी भराभर वाढणारी झाडं डोंगरांवर आली. गुरं त्यातली बरीचशी खात नाहीत म्हणून ती जगतात, आणि जगतात म्हणून आकडे चांगले दिसतात. पण पठारावरचं गवत हीच तिथली परिसंस्था आहे. तिथे कुदळ घालून खड्डा खणला की कंद गेला. वर सावली धरली की गवत गेलं. आज अंजनेरीत काम करणारे लोक आधी पावसाळाभर नोंदी घेतात, कुठे काय उगवतं ते बघतात, गावातल्या मुलांना आणि वाटाड्यांना ते फूल दाखवतात, आणि मगच कुठे हात लावायचा ते ठरवतात. बऱ्याच जागी कुठेच लावायचा नाही असं ठरतं. फोटोत हे काम येत नाही, पण मला ते झाड लावण्याइतकंच मोठं वाटतं.

गोठ्याचा_डॉक्टर

रानजाई ताई, गिधाडांचा उल्लेख केलात म्हणून लिहितो. पशुवैद्यक म्हणून आयुष्य त्र्यंबक, पेठ आणि दिंडोरी तालुक्यांत गेलं.

नव्वदच्या दशकापर्यंत मेलेल्या बैलावर गिधाडांचा थवा उतरलेला आम्ही सर्रास बघायचो. मग ती दिसेनाशी झाली. १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली, लांब चोचीची सुमारे ९७ टक्के. कारण २००४ मध्ये सिद्ध झालं: डायक्लोफेनॅक. जनावराला दुखण्यावर, सुजेवर ते इंजेक्शन द्यायचे. जनावर दगावलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये ती बाटली ३ मिलीची केली. २०२३ मध्ये एसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन या त्याच प्रकारच्या औषधांवरही जनावरांसाठी बंदी आली. त्यांच्याऐवजी देता येणारं मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि जनावराला उतारही पडतो.

या बाबतीत स्वयंसेवकांनी केलेलं काम डोंगरावर दिसणार नाही, कारण ते गोठ्यांत आणि औषधांच्या दुकानांत झालं. पाड्यापाड्यावर जाऊन ‘गाईला कोणतं इंजेक्शन दिलं ते डॉक्टरला विचारा’ एवढं एकच वाक्य सांगत फिरणारी पोरं मी पाहिली आहेत. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू स्वतः वीण करण्याजोगं व्हायला पाचेक वर्षं लागतात. एक पक्षी मेला तर त्याची जागा भरायला किती काळ लागतो याचा विचार करा. म्हणून नोव्हेंबर ते मार्च या विणीच्या दिवसांत कड्याजवळ ढोल, फटाके, ड्रोन, प्रस्तरारोहण काहीही नको. हे मी कळकळीने सांगतो.

पाड्यावरचा

मी हरसूलकडचा. शहरातल्या लोकांनी आमच्या बाजूच्या डोंगरांबद्दल एवढं लिहिलेलं वाचून बरं वाटलं. काही गोष्टी आमच्या बाजूने सांगतो.

खोरीपाड्याला वन विभागाने आणि गावकऱ्यांनी मिळून गिधाडांसाठी उपाहारगृह सुरू केलं. म्हणजे ठरलेली मोकळी जागा. गावात जनावर मेलं की कळवायचं, त्याला घातक औषध दिलेलं नाही याची खात्री करायची आणि ते तिथे नेऊन टाकायचं. वाचायला सोपं वाटतं. मेलेली म्हैस उचलून न्यायला किती माणसं लागतात आणि त्या दिवशी त्यांची मजुरी बुडते, हे कुठे छापून येत नाही. ही माणसंसुद्धा स्वयंसेवकच ना?

दुसरं वणव्याचं. दर वेळी ‘गावकरी आग लावतात’ असं लिहितात. आमच्याकडे भात, नागली, वरईची रोपं करायला राब भाजतात. पालापाचोळा, शेण, गवत पसरून जमीन भाजायची, त्याने तण जळतं आणि रोप जोमाने येतं. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं आहे. त्यातली ठिणगी वाऱ्याने डोंगराला लागते हे खरं. पण त्यावर उपाय राब बंद करणं नाही. आमच्या पाड्यावर ठरवलं आहे की राब दुपारी पेटवायचा नाही, वारा पडलेला बघून पहाटेच भाजायचा, एकट्याने भाजायचा नाही आणि बांधाकडेचं गवत आधी साफ करायचं. हे ठरवायला शहरातले दोघे-तिघे दादा आमच्यात येऊन बसले, आमचं ऐकलं, चहा घेतला, परत आले, परत बसले. भाषण करून गेले असते तर कोणी ऐकलं नसतं.

आणि तिसरं, डोंगर राखणं आम्हाला नवीन नाही. कळवण, सुरगाणा, बागलाणकडे मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो, माउल्या, म्हणजे व्रत घेतलेले भक्त, कितीतरी दिवस व्रत पाळतात, डोंगरावर जाऊन पूजा करतात. आमच्या देवाच्या राईतली वाळकी फांदीसुद्धा कोणी घरी नेत नाही. इतिहास लिहिताना २००८ पासून सुरू करू नका.

पेठरोडकर

पाड्यावरचा भाऊ, तुमचं शेवटचं वाक्य या धाग्यात सगळ्यात मोलाचं आहे. देवराईचा इतिहास या यादीत पहिला हवा. तुमच्याकडच्या राईबद्दल, तिथल्या झाडांबद्दल अजून सविस्तर लिहाल का? जागा उघड करायची नसेल तर गावाचं नाव नका देऊ.

गडवाट

रामशेजबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. ज्या किल्ल्याने १६८२ पासून मुघल फौजेला पाच वर्षांहून अधिक काळ झुंजवलं, त्याच्या टाक्यांमध्ये गाळ आणि प्लास्टिक साचलेलं पाहून कोणाचंही रक्त तापेल. शिवकार्य गडकोट संवर्धन संस्थेने रामशेजवर आणि जिल्ह्यातल्या इतर किल्ल्यांवर श्रमदानाच्या मोहिमा सातत्याने चालवल्या आहेत. टाकं साफ करण्याचं काम असं चालतं: दोघे-तिघे आत उतरतात, फावड्याने गाळ घमेल्यात भरतात, आणि वरपर्यंत माणसांची साखळी लागते. गाळ ओला असतो, एका घमेल्याला दोन्ही हात भरून येतात. पहिला अर्धा तास सगळे घोषणा देतात. मग आवाज फक्त फावड्याचा. शेवटी गाळ संपून कातळात कोरलेला तळ लागतो, तेव्हा टाक्यात उतरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी मी पुन्हा पुन्हा जातो.

काही पथ्यं मात्र पाळायला हवीत. संरक्षित स्मारकाच्या दगडाला पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, पडलेला चिराही हलवायचा नाही. वनजमिनीवर असेल तर वन विभागाला आधी कळवायचं. आणि ऐन उन्हाळ्यात सगळी टाकी एकदम उपसायची नाहीत. माकडं, पाखरं, बेडूक सगळ्यांचा पाणवठा तोच असतो.

त्र्यंबकेश्वरी

आमच्या ब्रह्मगिरीसाठी वेगळ्या प्रकारचं काम झालं, ते कागदोपत्री आणि रस्त्यावर. २०२१ मध्ये बेळगाव ढगा या गावाच्या बाजूच्या संतोषा आणि भागडी डोंगरांवर यंत्रं लावून उत्खनन चाललं होतं, त्याविरुद्ध नाशिककर आणि गावकरी एकत्र आले. सातबारे काढणं, नकाशे जुळवणं, निवेदनं देणं, जागेवर जाऊन फोटो घेणं, सगळं सामान्य माणसांनी केलं. त्याच सुमारास मुळेगावकडून अंजनेरीवरून जाणाऱ्या रस्त्याचा प्रस्ताव होता. गिधाडं आणि रानजाई ताईंचं ते फूल, दोघांच्याही अंगणातून. विरोध झाला आणि तो मागे पडला. त्यानंतर ब्रह्मगिरी-अंजनेरी रोपवेचा विषय आला, त्यालाही गिधाडांच्या कारणाने विरोध झाला.

काही जण म्हणतात, ‘पर्यटन आलं तर गावाला रोजगार मिळेल, तुम्ही आडवे का येता?’ मी त्र्यंबकमध्येच राहते, भाविकांवर आमची चूल पेटते, हे मला कळतं. पण गोदावरी ब्रह्मगिरीत उगम पावते. डोंगर पोखरला तर पाणी मुरणार कुठे? गंगापूर धरणाचं पाणी पिणाऱ्या प्रत्येक नाशिककराचा हा प्रश्न आहे.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीबद्दलही थोडं. लाखोंची गर्दी असते. फेरी संपल्यावर वाटेवरचे द्रोण, पाण्याच्या बाटल्या, रेनकोटच्या चिंध्या गोळा करायला ओढ्यात उतरणारे गट आहेत. चिखलात रुतलेली प्लास्टिकची पिशवी ओढून काढायला किती वेळ लागतो ते करून बघा. आता काही मंडळी फेरीच्या आधीच पिशव्या आणि बाटल्या थांबवायचा प्रयत्न करतात, ते मला जास्त पटतं.

सातपूरचा

फाशीच्या डोंगराचं नाव राहिलं. २०१५ च्या पर्यावरणदिनी, म्हणजे ५ जूनला, ‘आपलं पर्यावरण’ संस्थेने हाक दिली आणि हजारो नाशिककरांनी एका दिवसात तिथे देशी झाडं लावली. तीच आजची नाशिक देवराई. लोक त्या दिवसाबद्दल बोलतात. मी त्यानंतरच्या उन्हाळ्यांबद्दल बोलेन. दर रविवारी आळी करणं, तण काढून तेच आच्छादन म्हणून टाकणं, पाण्याचा टँकर वेळेवर येतो का बघणं. उंबर, करंज, पळस, बेहडा, आपटा अशी झाडं निवडली म्हणून पाखरंही आली. कंपनीतल्या मित्रांना मी नेहमी सांगतो, रोप लावायला एकदा येऊ नका, दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात या.

एका कंपनीच्या कार्यक्रमात मात्र उलट पाहिलं आहे. बॅनर आला, टोप्या आल्या, नाश्ता आला, रोपं प्लास्टिकच्या पिशवीसकट खड्ड्यात गेली. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच खड्ड्यात नवी रोपं. अशाने डोंगराचंही नुकसान होतं आणि मनापासून काम करणाऱ्यांचंही.

सह्यवेडा

एक वेगळा मुद्दा मांडतो. हे सगळं वन विभागाचं काम आहे. आपण फुकट करत राहिलो तर सरकार पदं भरणार नाही. एका वनरक्षकाकडे केवढं मोठं क्षेत्र असतं ते बघा. स्वयंसेवकांनी मागणी करायला हवी, श्रम नव्हे.

पेठरोडकर

सह्यवेडा, मागणी करायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण मला दोन्ही एकमेकांना धरून दिसतं. त्र्यंबकेश्वरी ताईंनी लिहिलेली निवेदनं ज्यांनी दिली, त्यातले कितीतरी आधी डोंगरावर घाम गाळलेले होते, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन आलं. कोणत्या घळीत गिधाडाचं घरटं आहे, कोणता ओढा मार्चपर्यंत वाहतो, हे त्यांना पाठ होतं. नुसता अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला साहेब पोच देऊन वाटेला लावतात. आणि वणवा लागलेला असताना पदं भरली जाण्याची वाट बघत बसणं माझ्याच्याने होणार नाही.

वनरक्षकांचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं. रात्री आग विझवून सकाळी पुन्हा गस्तीला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना बूट, ब्लोअर, गाड्या मिळाव्यात यासाठी एक निवेदन तयार करूया. मसुदा तुम्ही लिहा, सही सगळ्यात आधी माझी.

अश्विनी_इंदिरानगर

धागा पूर्ण वाचला. माझा मुलगा दहावीत आहे, त्याला घेऊन यायची फार इच्छा आहे. आम्ही दोघांनी कधी असं काम केलेलं नाही. वणवा अडवायला जाळरेषा काढतात असं ऐकलं आहे, त्यात नक्की काय करतात आणि आम्ही काय आणायचं?

पेठरोडकर

अश्विनी ताई, जरूर या. जाळरेषा म्हणजे दहा-बारा फूट रुंदीचा पट्टा, ज्यातलं वाळकं गवत विळ्याने कापून, ओढून एका जागी करतात. मग वन विभागाची माणसं वारा पडलेला असताना ते स्वतःच्या देखरेखीत जाळून टाकतात. पुढे वणवा आलाच तर तिथे त्याला खायला काही उरत नाही. कापणं आणि ओढणं आपलं, जाळणं त्यांचं. मुलगा गवत ओढेल, पाणी पोचवेल. आगीच्या जवळ त्याला आपण जाऊ देणार नाही. पेटलेला वणवा झोडपायला तर अजिबात नाही, ते काम सरावलेल्या मोठ्या माणसांचं.

सुती कपडे घाला, पूर्ण बाह्यांचे. टेरिकॉट, नायलॉन नको, ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. पायात बूट, डोक्याला रुमाल, कुसळं फार असतात म्हणून जाड मोजे. प्रत्येकी तीन लिटर पाणी आणि घरची भाकरी. विळे आमच्याकडे आहेत. डोंगराला कुठेही आग दिसली तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक दोघांच्याही मोबाइलमध्ये आजच घालून ठेवा.

पहाटे सहाला निघतो, उन्हं तापायच्या आत परत. मला निरोप पाठवा, कोणत्या रविवारी जायचं ते तुंगलदऱ्याच्या मंडळींना विचारून कळवतो, कारण वार तेच ठरवतात.